पिकअपचं क्राऊन-पिनियन आणि ओढ: सातारा-सांगलीकडच्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

मिरजेहून इस्लामपूर, कऱ्हाडपर्यंत कृष्णाकाठचा रस्ता जवळपास सपाट आहे. तीच गाडी पसरणी किंवा कुंभार्ली घाटाला लागली की चालकाला वेगळीच वाटते. या फरकात मागच्या हाऊसिंगमधल्या, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या लोखंडी पेटीतल्या, दोन दातेरी चाकांचा (क्राऊन आणि पिनियनचा) वाटा मोठा असतो. क्राऊन-पिनियन बदलावं का, कोणतं घ्यावं, बसवताना काय चुकतं, याबद्दल नेहमी विचारलं जातं त्याची उत्तरं इथे दिली आहेत. हिशेब डिझेल इंजिनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपसाठी आहेत.

क्राऊन-पिनियनचं प्रमाण म्हणजे नेमकं काय?

पिनियन म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याच्या) टोकाचं छोटं चाक, आणि क्राऊन म्हणजे ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक. प्रमाण म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर प्रमाण ४.१०. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ४.१ वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. फेरे जितक्या पटीने कमी होतात, तितक्या पटीने पिळाची ताकद वाढते. इंजिनाची अश्वशक्ती मात्र यात वाढत नाही. क्राऊन-पिनियन फक्त वेग देऊन ओढ घेतं, किंवा ओढ देऊन वेग घेतं.

या पानावर तीन संच उदाहरणाला घेतले आहेत: ११ बाय ४१ म्हणजे ३.७३, १० बाय ४१ म्हणजे ४.१०, आणि ९ बाय ४१ म्हणजे ४.५६. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि पळ कमी. दुकानात संच मागताना ‘लोडचा’ किंवा ‘पळीचा’ असं सांगू नका, दातांचे आकडे सांगा. एकाच मापाच्या हाऊसिंगमध्ये दोन-तीन वेगवेगळे संच बसू शकतात आणि बाहेरून ते सगळे सारखेच दिसतात.

४.१० काढून ४.५६ टाकलं तर चढावर प्रत्यक्षात किती फरक पडतो?

प्रत्येक गिअरमध्ये ११ टक्के. ऐकायला हे थोडं वाटतं, पण चढावर गाडी गिअर धरते की सोडते हे एवढ्याच फरकावर ठरतं. आकडे मांडून बघू.

समजा इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.३५ आणि चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर. वाटेतल्या घर्षणात १० टक्के ताकद जाते असं धरू. मग तिसऱ्या गिअरमध्ये चाकाशी मिळणारी ओढ अशी येते: ३.७३ ला सुमारे २७१ किलो, ४.१० ला २९९ किलो, ४.५६ ला ३३२ किलो.

आता गरज किती ते पाहा. गाडी, माल आणि मागची ट्रॉली मिळून ४,००० किलो आणि चढ ५ टक्क्यांचा. टायरच्या रोधासाठी दीड टक्का धरला, तर ४,००० चे साडेसहा टक्के म्हणजे २६० किलो ओढ लागते. ताशी ४० किलोमीटरला वाऱ्याचा रोध आणखी १५ ते २० किलो. एकूण २७५ ते २८०.

३.७३ ची गाडी इथे तिसरा सोडते, चालकाला दुसरा टाकावा लागतो. ४.१० ची गाडी तिसऱ्यात जाते, पण शिल्लक फार थोडी उरते. वळणावर वेग पडला की तीही दुसऱ्यावर येते. ४.५६ ची गाडी ५० किलोंच्या शिलकीवर तिसऱ्यातच वर येते.

पण चढ ८ टक्क्यांचा झाला की गरज ३८० किलोंवर जाते आणि तिघींनाही दुसराच लागतो. म्हणजे मोठ्या आकड्याचा फायदा प्रत्येक चढावर सारखा दिसत नाही. ज्या चढावर तुमची गाडी दोन गिअरच्या मधोमध अडकते, तिथे तो सगळ्यात जास्त जाणवतो. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधला पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. वरचं उदाहरण म्हणूनच ५ टक्क्यांचं घेतलं.

चढावर थांबून पुन्हा उचलताना काय फरक पडतो?

हा फायदा अनेकांच्या लक्षातच येत नाही. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.८ धरलं, तर वरच्याच गाडीला चाकाशी ३.७३ ला ७६४, ४.१० ला ८४० आणि ४.५६ ला ९३४ किलो ओढ मिळते. १२ टक्क्यांच्या वळणावर ४,००० किलो नुसते हळूहळू चढत ठेवायला ५४० किलो लागतात. जागेवरून उचलायला त्यावर भरपूर शिल्लक हवी. ती कमी असेल तर चालक क्लच अर्धवट दाबून जास्त वेळ घासतो, आणि क्लच प्लेट जळते ती इथेच. यवतेश्वरच्या किंवा केळघरच्या वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबावं लागतं, मग भरल्या गाडीला जळका वास येतो, हे रोजचं असेल तर आधी वजन तपासा, मग प्रमाण.

५० एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. मग ७५ एचपीची पिकअप का नाही?

ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. ट्रॅक्टर वेग सोडतो आणि ओढ घेतो. त्याच्या सर्वांत खालच्या गिअरला इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असतानाही तो माणसाच्या चालीपेक्षा हळू जातो. पिकअपच्या पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण ३.८ गुणिले ४.१ म्हणजे साडेपंधरा. २,००० फेऱ्यांना ती ताशी साडेसोळा किलोमीटर धावते. याहून हळू जायचं तर क्लच घासावा लागतो. क्राऊन-पिनियन ४.५६ केलं तरी हाच वेग पंधराच्या खाली थोडासाच येतो. ट्रॅक्टरइतकं खोल प्रमाण पिकअपला मिळणं शक्य नाही.

दुसरं कारण पकडीचं. ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मोठ्या मागच्या चाकांवर असतं. रिकाम्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर ७०० किलो असतील, तर कोरड्या डांबरावर जास्तीत जास्त ५०० किलोंच्या आसपास ओढ रस्त्याला लागते. ओल्या मातीवर ती २०० किलोंवर येते. उसाच्या फडात चाक जागेवर फिरत असेल, तर कमतरता पकडीची आहे. तिथे आकडा वाढवला तर चाक आणखी सहज फिरेल, एवढंच.

तिसरं कारण ब्रेक आणि चासी. उसाची ट्रॉली पिकअपला जोडणं कोणत्याही प्रमाणात धोक्याचं आहे. ट्रॉलीचं वजन पिकअपच्या कितीतरी पट असतं, आणि उतारावर ती गाडीला ढकलते.

माझ्या कामाला कोणतं प्रमाण योग्य?

भरलेली गाडी कोणत्या दिशेने जाते, हे आधी विचारा. घाट वाटेत आहे एवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

तासगाव-पलूसकडून द्राक्षं भरून मुंबईला जाणारी गाडी कात्रजचा चढ सोडला तर बहुतेक वाट महामार्गाने सपाट धावते, बोरघाट ती भरलेली उतरते, आणि बोरघाट-खंबाटकी चढते ते परतताना, बहुधा रिकामी. तिला ४.५६ ची गरज नाही. कंपनीचं प्रमाण ठेवून ब्रेक आणि टायरवर पैसे घालावेत. सांगली मार्केट यार्डात हळद आणणाऱ्या, जत-आटपाडीहून डाळिंबं आणणाऱ्या गाड्यांचंही तेच.

उलट, चिपळूणहून जांभा चिरा किंवा हापूसच्या पेट्या भरून कुंभार्ली चढून पाटण-कऱ्हाडला येणारी गाडी भरलेली असतानाच सगळा घाट चढते. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला सिमेंट, किराणा, गॅस सिलिंडर पोचवणारी गाडीही तशीच. रोजचं कामच असं असेल, तर मोठा आकडा खरोखर पैसे वाचवतो. क्लच जास्त टिकतो, इंजिन घुसमटत नाही, आणि पंखा व पाण्याचा पंप जास्त फेऱ्यांवर राहिल्याने एप्रिल-मेमध्ये गाडी तापतही कमी.

महिन्यातून चार-सहा वेळाच घाट असेल, तर प्रमाण बदलू नका. त्या दिवशी एक गिअर खाली चालवा. खर्च शून्य, आणि परिणाम ११ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आल्याने ओढ दीडपटीच्या पुढे जाते.

गाडी ओढत नाही. क्राऊन-पिनियनच बदलावं लागेल ना?

बहुतेक वेळा नाही. गाडी आधी ओढत होती आणि आता ओढत नाही, तर दोष दुसरीकडे आहे, कारण प्रमाण झिजून बदलत नाही. दातांची संख्या तेवढीच राहते. या क्रमाने तपासा:

वजनकाट्यावर भरलेली गाडी नेऊन खरं वजन घ्या. नंतर फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन पुढच्या एक्सलचं वेगळं घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे मागचा भार. ‘अंदाजे दीड टन’ म्हणून भरलेला माल दोन टनांवर निघणं नवीन नाही.

चौथ्या गिअरमध्ये सपाटीवर ताशी ४० च्या वेगात पूर्ण रेस द्या. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

आठ-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून चारही हबजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर ब्रेक धरून बसला आहे. ऊस तोडणीच्या दिवसांत धुळीमुळे हे वारंवार होतं.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप बघा. पाइपला चीर असेल तर रेस देताना फुस्स आवाज येतो आणि बीएस-४ च्या आधीच्या गाड्या काळा धूर सोडतात. बीएस-६ गाडीत धूर दिसत नाही, पण मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते.

एवढं सगळं ठीक असून वजनही कागदावरच्या मर्यादेत असेल, तरच हाऊसिंग उघडायचा विचार करा.

माझ्या गाडीत आत्ता कोणतं प्रमाण आहे, हे न उघडता कसं कळेल?

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक उचला, पण नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली घोडी (स्टँड) लावा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला. टेकलेलं चाक जागेवरच राहणार, म्हणून उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा.

चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. चाक २० वेळा फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर ४.१०. साडेपंचेचाळीसच्या थोडा पुढे गेला तर ४.५६. सदतीसच्या थोडा पुढे तर ३.७३. दोन फेऱ्यांवर अंदाज बांधू नका, बॅकलॅशमुळे (दातांमधल्या मोकळ्या खेळामुळे) चूक होते. लॉकिंग डिफ्रन्शिअलच्या (जो दोन्ही मागची चाकं एकत्र बांधू शकतो) गाडीला ही पद्धत चुकीचं उत्तर देऊ शकते. तिथे दोन्ही चाकं उचलून सोबत फिरवा आणि १० फेऱ्यांना मोजा.

टायर मोठे टाकले तर?

ओढ कमी होते. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर आहे, २३५/७५ आर १५ चा ७३३. फरक सव्वाचार टक्क्यांचा. ४.१० ची गाडी त्या टायरवर ३.९३ सारखी वागते, आणि मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६३ ने जात असते. रुबाबासाठी मोठे टायर टाकून मग ओढ नाही म्हणून क्राऊन-पिनियन बदलायला येणाऱ्या गाड्या कमी नाहीत. आधी मूळ मापाचे टायर लावून बघा.

मोठा आकडा टाकला की जास्त माल भरता येतो का?

नाही. मर्यादा चासी, पाटे, एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेकवरून ठरते. क्राऊन-पिनियन बदलल्याने यातलं काहीच मजबूत होत नाही. उलट, पहिल्या गिअरला हाफ शाफ्टवर (हाऊसिंगमधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) ११ टक्के जास्त पीळ येतो. जास्त भरलेल्या गाडीत चढावर झटक्याने क्लच सोडला की शाफ्ट तुटण्याची शक्यता वाढते.

कायद्यानेही मर्यादा बदलत नाही. नोंदणी पुस्तकातलं एकूण वजन तेच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवावा लागतो तो वेगळा. कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायला मनाई करतं. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेलाच संच निवडा, बिल ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर हाऊसिंगला हात लावू नका.

पिकअपला जनरेटर, कॉम्प्रेसर किंवा पाण्याची टाकी ओढायची आहे. काय बघावं?

चढावर लागणाऱ्या ओढीच्या हिशेबात हौद्यातला एक टन आणि हुकला लावलेला एक टन सारखाच. फरक पडतो पकड, ब्रेक आणि तोल यांत. हौद्यातलं वजन मागच्या चाकांना दाबतं, हुकवरचं फार थोडं. एकाच एक्सलच्या ट्रॉलीत सामान असं ठेवा की ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार हुकवर येईल. मागे भार जास्त झाला की ताशी ५०-६० ला ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरून रेस सोडा.

कंपनीने त्या मॉडेलला ओढायची परवानगी किती वजनाची दिली आहे हे पुस्तिकेत बघा. दिलेलीच नसेल तर प्रश्न तिथेच संपतो. ट्रॉलीची वेगळी नोंदणी, मागचे दिवे, इंडिकेटर आणि सुरक्षा साखळी हवी. अर्धवट भरलेली पाण्याची टाकी सगळ्यात वाईट, कारण पाणी वळणावर हेलकावतं. टाकी पूर्ण भरा नाहीतर रिकामी न्या.

उतारावर याचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि चढावर होतो तेवढाच. ११ टक्के जास्त ओढ म्हणजे उतारावर इंजिनाचा ब्रेकही ११ टक्के जास्त. पण त्यासाठी गाडी गिअरमध्ये हवी. ज्या गिअरमध्ये तो घाट भरलेल्या गाडीने चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढायच्या आधीच गिअर टाका, वाढल्यावर नाही.

न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हा समज चुकीचा आहे. गिअरमध्ये रेस सोडून उतरताना आजचं इंजिन डिझेल बंद करतं, न्यूट्रलला मात्र चालू राहण्यापुरतं पितच राहतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमुळे ब्रेक निकामी होऊन किती जीव गेले हे या रस्त्यावरच्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. कोयनानगरहून पोफळीकडे उतरताना तर हा मोह अजिबात नको.

मायलेज किती पडेल?

पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८ आणि टायरचा घेर २.१५ मीटर धरला, तर ताशी ८० ला इंजिनाचे फेरे असे: ३.७३ ला १,८५०, ४.१० ला २,०३५, ४.५६ ला २,२६०. सपाट महामार्गावर रिकामी किंवा हलकी गाडी चालवत असाल तर हे जादा फेरे डिझेल खातात. भरल्या गाडीने घाटात मात्र उलटही होऊ शकतं, कारण इंजिन कमी फेऱ्यांवर घुसमटण्याऐवजी आपल्या चांगल्या टप्प्यात राहतं.

यात एक मोठी फसगत आहे. अनेक गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी मोजला जातो. ४.१० वरून ४.५६ केल्यावर मीटर आणि किलोमीटर दोन्ही ११ टक्के जास्त दाखवतात. टाकी ते टाकी हिशेब केला तर मायलेज वाढल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाढलेलं नसतं. हिशेब करताना मीटरचे किलोमीटर १.११ ने भागा, किंवा महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर ताळा करा.

वेगमर्यादकाचं काय?

बहुतेक मालवाहू पिकअपना ताशी ८० चा मर्यादक असतो. वेग गिअरबॉक्सवरून मोजणाऱ्या गाडीत ४.५६ टाकलं तर गाडी खऱ्या ७२ लाच अडकेल. उलट ४.५६ काढून ४.१० टाकलं तर मर्यादक ८० समजेल तेव्हा गाडी ८९ ने धावत असेल. हे नियमात बसत नाही. दोन्ही वेळा अधिकृत केंद्रातून नवं प्रमाण नोंदवून घ्यावं लागतं. चाकांच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या गाडीत ही अडचण येत नाही.

काम करवून घेताना कोणकोणते भाग घ्यायचे?

क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. क्रमांक वेगळे असतील तर दुकानातूनच परत करा. सोबत पिनियनची दोन बेअरिंगं, डिफ्रन्शिअलची दोन बेअरिंगं, पिनियनचं ऑईल सील, पिनियनचा नट, दबणारी स्लीव्ह (बेअरिंगचा ताण धरणारी, नट आवळताना चेपणारी नळी) असेल तर नवी स्लीव्ह, शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, क्राऊनचे नवे बोल्ट, झाकणाचं पॅकिंग आणि गिअर ऑईल. जुनी बेअरिंगं ‘अजून चांगली आहेत’ म्हणून ठेवली, तर वाचलेले पैसे पुढच्या मजुरीत जातात.

काही हाऊसिंगमध्ये प्रमाण फार बदललं की डिफ्रन्शिअलचा डबाही बदलावा लागतो, कारण पिनियनचं डोकं लहान-मोठं झाल्याने क्राऊनची जाडी बदलते. संच घेण्यापूर्वी हे विचारा.

बसवताना मिस्त्रीकडे काय बघायचं?

डायल गेज आणि टॉर्क पाना आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर दुसरं गॅरेज शोधा. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणं या कामात चालत नाही.

काम चार गोष्टींवर उभं आहे. पिनियनची खोली त्याच्या डोक्यामागच्या शिमने ठरते. पिनियन बेअरिंगचा ताण पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आणावा लागतो. दबणारी स्लीव्ह एकदा जास्त दाबली गेली की नट ढिला करून चालत नाही, नवी स्लीव्हच लागते. मग बॅकलॅश: या आकाराच्या हाऊसिंगला तो साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. क्राऊनवर तीन-चार जागी मोजा. जागोजागी फरक येत असेल तर क्राऊन वाकडा बसला आहे किंवा खाली कचरा आहे.

शेवटी दातांवर रंग लावून ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. आतल्या अरुंद टोकाला आला तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ आहे, थोडा दूर करा. बाहेरच्या रुंद टोकाला आला तर जवळ आणा. दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन फार बाहेर आहे, शिम वाढवा. मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. शिम बदलली की बॅकलॅश पुन्हा मोजायचा. बंद करण्यापूर्वी या ठशाचा मोबाइलवर फोटो मागून घ्या. चांगला मिस्त्री तो आनंदाने देतो, आणि पुढे आवाज आला तर बोलायला आधार राहतो.

नवा संच टाकल्यावर गाडी गुणगुणते. का?

रेस देतानाच आवाज येत असेल तर दाताच्या ओढीच्या बाजूचा ठसा चुकला आहे. रेस सोडल्यावरच येत असेल तर उलट्या बाजूचा. दोन्ही वेळा सारखी घरघर येत असेल तर बेअरिंगवर संशय घ्या. वळणावरच आवाज येत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा डिफ्रन्शिअलमधले छोटे गिअर. गाडी उचलताना एकदाच ‘टक’ होत असेल, तर हाऊसिंग उघडण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. ते स्वस्त असतात आणि बहुधा दोषी तेच निघतात.

गुणगुण ‘चालून चालून बसेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चुकीच्या ठशाचे दात चालवून सुधारत नाहीत, खराब होतात.

पहिले किती दिवस जपावं लागतं?

पहिल्यांदा २० किलोमीटर रिकामी गाडी मध्यम वेगात चालवा, मग अर्धा तास थंड होऊ द्या. असं दोन-तीन वेळा करा. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण भार, ट्रॉली आणि घाट नको. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात, त्यात भार दिला तर पृष्ठभाग करपतो आणि तो संच पुढे कधी शांत होत नाही. ८०० ते १,००० किलोमीटरला ऑईल बदला. पहिल्या ऑईलमध्ये राखाडी चमक दिसणं ठीक, पण कण बोटाला टोचत असतील तर गाडी थांबवा.

हंगाम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी हे काम काढू नका. ऑक्टोबरमध्ये करून घेतलं तर ऊस आणि द्राक्षांच्या आधी गाडी तयार असते.

ऑईल कोणतं?

जीएल-५ दर्जाचं, साधारण ८०डब्ल्यू-९०. सतत भार आणि घाट असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर ८५डब्ल्यू-१४०. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पातळी हवी, गाडी सपाट जागेवर असताना. हेच ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. पितळी सिंक्रोनायझरला काही जीएल-५ ऑईल मानवत नाही.

हाऊसिंगवरचा छोटा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं तोंड) दर दोन-तीन महिन्यांनी साफ करा. फडातल्या चिखलाने तो बुजला की गरम हवा सीलमधून ऑईल बाहेर ढकलते. सील तीनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर बहुधा कारण हेच. आणि गाडी एक्सलच्या वर पाण्यात उभी राहिली असेल, जसं २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत कित्येक गाड्यांचं झालं, तर ती चालवू नका. ऑईल काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. स्वस्त ऑईल भरून थोडं फिरवून काढून टाका, मग चांगलं भरा आणि चाकांची बेअरिंगंही उघडा.

फोर बाय फोर गाडीत फक्त मागचं बदललं तर चालेल?

नाही. पुढचं-मागचं प्रमाण एकच हवं. वेगळं असेल तर फोर बाय फोर टाकल्याक्षणी कोरड्या रस्त्यावर शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) फुटू शकतो.

अमेरिकन व्हिडिओत ३.७३ ला भरपूर ओढीचं म्हणतात. आपल्याकडे ते कमी कसं?

तिथे एकाच पिकअपला तीन प्रमाणं निवडता येतात. फोर्ड एफ-१५० ला ३.३१, ३.५५ आणि ३.७३ मिळत आली आहेत, आणि कंपनी प्रत्येकीची ओढायची मर्यादा वेगळी देते. इंजिन मोठं, टॉर्क आपल्या पिकअपच्या दुपटीहून जास्त आणि गिअर १०. एवढा टॉर्क आणि खोल पहिला गिअर असताना ३.७३ पुरतं. आपल्याकडे छोटं डिझेल आणि पाच गिअर. म्हणून त्यांच्या आकड्यांशी तुलना करू नका. पहिला गिअर गुणिले क्राऊन-पिनियन हा गुणाकार आणि इंजिनाचा टॉर्क, हे दोन्ही सोबत बघा.

जुन्या बाजारातलं पूर्ण हाऊसिंग मिळतंय. घ्यावं का?

कारखान्यात जुळवलेलं, न उघडलेलं हाऊसिंग कधी कधी नव्या संचापेक्षा चांगलं चालतं, कारण त्याचा ठसा आणि ताण बिघडलेला नसतो. पण घेण्यापूर्वी झाकण उघडायला लावा. दातांवर खड्डे, निळसर तापलेला रंग, गंजाचे ठिपके किंवा तळाला लोखंडाचा चुरा असेल तर सोडून द्या. पिनियनचं फ्लँज वर-खाली हलवा, जराही खेळ नको. दात मोजा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. हाऊसिंगची रुंदी, पाट्यांच्या बैठकीची जागा, ब्रेकचं माप आणि एबीएस सेन्सरची जागा तुमच्या गाडीशी जुळते का ते फितीने मोजा. आणि ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचं बिल घ्या, चोरीच्या गाडीचा माल गळ्यात पडायला नको.